पिकअपच्या हौद्याचा (मागच्या सामानाच्या जागेचा) पत्रा कापून लाइट बसवायचे आहेत – कापलेल्या कडेचा गंज कसा रोखावा? (बडोदा)

मांडववाला_बडोदा | १८ मे २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

दांडिया बाजारात आमचा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. सामान वाहायला एक पिकअप आहे. गणपती आणि नवरात्रात माल बहुतेक वेळा रात्री बारानंतर उतरवावा लागतो. पोरं मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून बल्ल्या आणि लोखंडी पाइप उतरवतात. एकाच्या पायावर पाइप पडला तेव्हाच ठरवलं, हौद्यात उजेड पाहिजे.

म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये एका दुकानातून हौद्याच्या डाव्या पत्र्यात सपाट बसणारा एलईडी लाइट लावून घेतला. कारागिरानं ग्राइंडर चालवला, चौकोन पाडला, कडेला काळ्या स्प्रेचा एक हात मारला आणि लाइट ठोकून दिला. तासाभरात काम संपलं. पुढच्या जुलैत लाइटच्या खालून तांबूस ओघळ दिसायला लागला. त्यात ऑगस्ट २०२४ चा पूर आला. विश्वामित्रीचं पाणी आमच्या गोडाऊनमध्ये शिरलं आणि गाडी दीड दिवस हौद्यापर्यंत पाण्यात उभी होती.

दिवाळीनंतर लाइट काढला. रबराचं गास्केट (लाइट आणि पत्र्याच्या मधली पट्टी) उचललं तर त्याच्याखाली ओला, काळपट-तपकिरी लगदा. खालची कड करवतीच्या दातांसारखी झाली होती. नख लावलं तर पत्र्याचा पापुद्रा बिस्किटासारखा सुटून आला. एका जागी बोटभर पत्रा खाल्लेला. आजूबाजूच्या पांढऱ्या रंगावर वीतभर परिघात मोहरीएवढे शेकडो तपकिरी ठिपके होते, ते धुऊनही जाईनात.

ते भोक आता तुकडा वेल्ड करून बुजवलंय. नवे दोन लाइट केबिनमागच्या पत्र्याच्या भिंतीत, वरच्या बाजूला बसवायचे आहेत. भोक ११० बाय ५० मिलिमीटर. या वेळी काम मी स्वतः करणार. पाऊस महिन्यावर आलाय. पत्रा कापल्यावर नक्की काय लावायचं आणि कोणत्या क्रमानं? रेड ऑक्साइड पुरेल का?

---

कलाभवन_७४ | १९ मे २०२५, सकाळी ७.१५

मांडववाले, तुमचं वर्णन वाचून वाईट वाटलं. हे टळण्यासारखं होतं. कलाभवनाच्या (बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या) आवारात धातुशास्त्र शिकलो आणि नोकरीभर हाच गंज पाहिला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कारखान्यातून येणाऱ्या पत्र्यावर नुसता रंग नसतो. आधी फॉस्फेटचा थर, मग गाडीचं आख्खं अंग टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं चढवलेला प्रायमर, त्यावर रंग. केबिनसाठी ही पद्धत सर्रास वापरतात. हौद्याचं काम सहसा साधं असतं, तरी प्रायमर आणि रंग मिळून काही संरक्षण असतंच. तुम्ही भोक पाडता तेव्हा हे सगळे थर कापले जातात आणि पत्र्याच्या जाडीएवढी उघडी कड राहते. गंज तिथून शिरतो आणि रंगाच्या खालून पुढे सरकतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, म्हणून रंगाला फोड येतो. फोड दिसेपर्यंत आतलं नुकसान बरंच झालेलं असतं.

आता ग्राइंडरचं. त्यानं दोन वाईट गोष्टी केल्या. एक म्हणजे कडेपासून काही मिलिमीटरपर्यंतचा रंग भाजला. भाजलेला रंग वरून ठीक दिसतो, पण त्यानं पत्र्याची पकड सोडलेली असते. पत्रा जस्त चढवलेला असेल तर तेही जातं, कारण जस्त ४२० अंशाच्या आसपासच वितळतं. दुसरं, तुमचे मोहरीएवढे ठिपके. त्या ग्राइंडरच्या ठिणग्या. प्रत्येक ठिणगी हा लोखंडाचा तापलेला कण असतो, तो रंगात रुतून बसतो आणि पहिल्या दवात गंजतो. काचेवर पडला तर काचेतही रुततो.

स्प्रेचा एक हात का टिकला नाही, तेही सांगतो. ओला रंग तीक्ष्ण धारेवर थांबत नाही, पृष्ठभागाच्या ताणानं मागे सरतो. सपाट भागावर जाड थर बसतो आणि धारेवर, म्हणजे गरज असते नेमकी तिथेच, तो सगळ्यात पातळ राहतो. म्हणून कड कानशीनं गोल करा. रंग कोणताही वापरा, पण हे काम आधी. दोन्ही बाजूंनी, बोट फिरवलं तर कुठेही टोचू नये इतकी.

---

पावडरकोट_मकरपुरा | १९ मे २०२५, दुपारी १.०५

काकांना अनुमोदन. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझं पावडर कोटिंगचं, म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून चढवण्याचं, छोटं युनिट आहे. एवढंच सांगतो: लाइटखाली जो ब्रॅकेट किंवा फ्रेम लावाल, तिला सगळी भोकं आधी पाडून घ्या आणि मगच कोटिंगला द्या. लोक काय करतात, चकाचक कोटिंग करून नेतात आणि घरी ड्रिल मारतात. मग सहा महिन्यांनी येतात, "भाई, तमारा कोटिंगमां काट लाग्यो." गंज कोटिंगला लागलेला नसतो, भोकाला लागलेला असतो.

आणि कोटिंगवाल्याला विचारा, आधी सात टाक्यांची धुलाई आणि फॉस्फेटिंग करतो का. नुसतं पुसून पावडर मारलेली वस्तू बाहेरच्या कामाला घेऊ नका. पापुद्र्यासारखी निघते.

---

गेटवाले_काका | १९ मे २०२५, रात्री ९.३०

एवढं अवघड करू नका. रेड ऑक्साइडचे दोन हात मारा आणि वर ऑइल पेंट. आमच्या वाड्याचं गेट वीस वर्षं तसंच उभं आहे.

---

कलाभवन_७४ | २० मे २०२५, सकाळी ६.५०

गेटवाले, तुमच्या गेटबद्दल शंका नाही. पण गेट जाड सळ्यांचं असतं, त्याचा अर्धा मिलिमीटर गंजला तरी काही बिघडत नाही, शिवाय दर दोन-तीन दिवाळ्यांना त्यावर नवा हात फिरतो. इथे पत्राच मिलिमीटरभर आहे. लाइटच्या गास्केटखाली पाणी अडकून राहतं आणि त्या जागी पुन्हा ब्रश कधीच पोचणार नाही.

रेड ऑक्साइड म्हणजे लाल रंगाचं लोह ऑक्साइड आणि साधं तेल-राळ. ते लाल रंगद्रव्य स्वतः गंज रोखत नाही. जुन्या काळचा शिशाचा शेंदरी प्रायमर रोखायचा, पण तो विषारी. आज दुकानात घ्यायचंच असेल तर डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिलेला प्रायमर घ्या. त्याहून चांगला दोन डब्यांचा (एकात प्रायमर, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर) इपॉक्सी प्रायमर. तो उघड्या लोखंडाला घट्ट धरतो आणि पाणी सहजासहजी आत जाऊ देत नाही. उन्हात मात्र त्यावर खडूसारखी पूड येते, म्हणून वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवाच.

जस्ताच्या स्प्रेबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. तो उत्तम आहे, कारण लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजतं. अट एकच, तो थेट नागड्या, स्वच्छ लोखंडावर बसला पाहिजे. प्रायमरवर मारलेला जस्ताचा स्प्रे हा नुसता राखाडी रंग, कारण जस्ताचा लोखंडाला स्पर्शच होत नाही.

---

सुभानपुरा_ताई | २० मे २०२५, दुपारी ४.२०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? माझ्या छोट्या गाडीला फॉग लाइट नाहीत. पावागढच्या बाजूला हिवाळ्यात पहाटे जाणं होतं आणि धुक्यात काही दिसत नाही. दुकानदार म्हणतो बंपर कापू आणि आतल्या लोखंडी पट्टीला भोक पाडून लाइट कसू. कापू देऊ का?

---

मांडववाला_बडोदा | २० मे २०२५, रात्री ११.१०

ताई, अवश्य विचारा, धागा सगळ्यांचा आहे. बंपर प्लास्टिकचा आहे, त्याला गंज लागणार नाही. आतल्या पट्टीबद्दल कलाभवन काकाच सांगतील.

---

कलाभवन_७४ | २१ मे २०२५, सकाळी ७.००

ताई, त्या पट्टीला हात लावू देऊ नका. टक्कर झाल्यावर धक्का झेलायला ती असते आणि ती सहसा उच्च ताकदीच्या पोलादाची असते. पुष्कळ गाड्यांना कंपनीनं फॉग लाइटसाठी बंपरमध्येच जागा आणि स्क्रूचे खांब दिलेले असतात, नुसतं झाकण बसवलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा मूळ किट मागा. लोखंडाला एकही भोक पडणार नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापून जोड देऊ नका, कंपनीचा कप्लर असलेली वायरिंग घ्या.

---

दहेज_शिफ्ट | २१ मे २०२५, रात्री ८.४५

मी रोज बडोद्याहून दहेजला (भरूचजवळच्या बंदराच्या गावी) जातो. खाडीची खारी हवा म्हणजे काय ते माझ्या बाइकच्या सायलेन्सरला विचारा. दोन अनुभव लिहितो.

लाइटच्या कडेला बाथरूमवाला सिलिकॉन लावू नका. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि लोखंडाची वाट लावतं. मी पाणी अडवायला लावला होता, त्याच्याच खाली गंज निघाला. न्यूट्रल क्युअर (सुकताना ॲसिड न सोडणारा) लिहिलेला सिलिकॉन घ्या किंवा बॉडीवाले वापरतात तो पीयू सीलंट.

दुसरं, सीलंट वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खाली दोन बोटं जागा मोकळी सोडा. पाणी कुठून तरी आत जातंच, त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. चारही बाजूंनी बंद केलेला लाइट म्हणजे पाण्यानं भरलेली वाटी.

---

पावडरकोट_मकरपुरा | २१ मे २०२५, रात्री ९.२०

खालून मोकळं सोडणं एकदम बरोबर. हौद्याच्या भिंतीच्या पोकळ पट्टीला खाली निचऱ्याची बारीक भोकं असतात. कापताना पडलेला कीस तिथेच जाऊन बसतो आणि भोक बुजतं. कापण्याआधी ती शोधून ठेवा.

---

मांडववाला_बडोदा | २९ जून २०२५, रात्री १०.००

काम मेच्या शेवटच्या आणि जूनच्या पहिल्या रविवारी उरकलं. आता दोन जोरदार पाऊस झाल्यावर लिहितोय. पुढच्याला उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवतो.

पहिल्या रविवारी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. भिंतीच्या मागे वायर किंवा डिझेलची नळी जात नाही ना, ते गाडीखाली आडवं पडून, टॉर्च मारून पाहिलं. आखलेल्या चौकोनाभोवती वीतभर मास्किंग टेप, त्याबाहेर जुनी चादर. चारही कोपऱ्यांत सेंटर पंच मारला, आधी ३ मिलिमीटरचं आणि मग स्टेप ड्रिलनं १० मिलिमीटरचं भोक. ड्रिल हळू फिरवलं आणि बिटाला ग्रीस फासलं. ग्रीसमुळे कीस उडत नाही, बिटालाच चिकटून येतो. मग चार भोकांमध्ये जिगसॉनं सरळ काप, लोखंडाचं बारीक दातांचं ब्लेड लावून. वेळ लागला, एका चौकोनाला पंचवीस मिनिटं. पण पत्रा हाताला नुसता कोमट लागत होता आणि एकही ठिणगी नाही. कोपरे गोल राहिले, त्यामुळे हादऱ्यानं तिथून चीर जाण्याची भीतीही कमी.

कानस आधी अर्धगोल, मग बारीक. काकांनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं. खालच्या कडेला आतल्या बाजूनं एक बर (कापताना उरलेली टोकदार कड) राहिली होती, डोळ्यांना अजिबात दिसली नव्हती, बोटाला लागली. ती काढली.

मग कीस. स्पीकरमधलं जुनं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोकळ पट्टीतून फिरवलं. पिशवी उलटी केली की कीस आपोआप आत राहतो, चुंबक स्वच्छ. मी समजत होतो सगळा चादरीवर पडला असेल. पिशवीत मूठभर निघाला! वर व्हॅक्यूम फिरवला आणि निचऱ्याच्या भोकात तार घालून पाहिली. पहिल्या कारागिरानं हे केलंच नव्हतं. जुन्या पट्टीतून निघालेला कीस एकमेकांना चिकटून दगडासारखा घट्ट झाला होता.

कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंतचा रंग पॉलिश पेपरनं उतरता घासला, पायरी राहू दिली नाही. थिनरच्या फडक्यानं पुसलं, एक ओलं फडकं आणि लगेच दुसरं कोरडं. त्यानंतर हातमोजे घालूनच काम. घामात मीठ असतं, बोटाचा ठसा उमटला तरी तिथे रंग धरत नाही.

इपॉक्सी प्रायमर डब्यावरच्या प्रमाणात मिसळला. जाड कडेला आधी लहान ब्रशनं चोपून लावला, मग दोन्ही बाजूंनी स्प्रे. दोन हात. पुढच्या रविवारपर्यंत न घासता वर दुसरा थर देण्याची मुदत टळून गेली होती, म्हणून पुन्हा हलका घासून वर दोन डब्यांचा पीयू रंग मारला. एक कळकळीची विनंती, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट (श्वासाला घातक रसायन) असतं. कापडी रुमाल तोंडाला बांधून हा रंग मारू नका. रंगाच्या वाफा अडवणारा, कार्ट्रिजवाला मास्क लावा (धुळीचा नव्हे) आणि काम उघड्यावर करा. माझ्या ओळखीच्या एका पेंटरचा दमा याच रंगानं वाढला.

रंग पूर्ण कडक झाल्यावर भिंतीच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स नळीनं फवारलं. मेणासारखं असतं, सांध्यात झिरपतं आणि सुकूनही मऊ राहतं. लाइट बसवताना बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घातले. लाइटचं अंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचे. दोन्ही थेट भिडले आणि पाणी मिळालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

वायरिंगबद्दल थोडक्यात: दोन्ही लाइट मिळून ५४ वॅट, म्हणजे साडेचार अँपिअर. बॅटरीजवळच साडेसातचा फ्यूज, रिले आणि वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं). त्या भोकाच्या कडेलाही हीच सगळी ट्रीटमेंट, भोक लहान म्हणून सोडलं नाही. ग्रोमेटच्या अलीकडे वायरला खाली एक झोळ दिलाय, पाणी वायरवरून ओघळून झोळातून टपकतं, आत जात नाही.

स्विच डॅशबोर्डवर, लाल दिव्यासकट. चालत्या गाडीतून मागे पांढरा उजेड टाकायची परवानगी नाही, रिव्हर्स लाइट आणि नंबरप्लेटचा सोडून. मागच्या माणसाचे डोळे दिपतात. आपले लाइट गाडी उभी असतानाच लागले पाहिजेत.

---

सुभानपुरा_ताई | ३० जून २०२५, सकाळी ९.१५

किती मनापासून लिहिलंय. माझ्या गाडीला खरंच झाकणाच्या मागे तयार जागा निघाली. मूळ किट लावला, काहीही कापावं लागलं नाही. काका, खूप आभार.

---

तरसाली_पिकअप | २ जुलै २०२५, संध्याकाळी ७.३०

दादा, माझं भोक मार्चमध्येच पाडून झालंय, नुसता स्प्रे मारलेला आहे. आता पावसात काय करू?

---

कलाभवन_७४ | ३ जुलै २०२५, सकाळी ६.४०

लाइट काढून पाहा. कडेवर नुसती तांबूस झाक असेल तर सलग दोन दिवस कोरडे मिळाले की घासून स्वच्छ धातू काढा, हेअर ड्रायरनं पत्रा कोमट करा आणि मग प्रायमर लावा. हवा दमट असेल तर रंगाखाली डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर राहतो, म्हणून सकाळी दहाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर रंग मारू नका. खड्डे पडले असतील तर गंजातला चुरा तारेच्या ब्रशनं काढून उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर लावा. तो गंजाशी संयोग पावून काळा थर बनवतो. स्वच्छ लोखंडावर त्याचा उपयोग नाही, तिथे थेट इपॉक्सीच. कोरडे दिवस मिळालेच नाहीत तर तात्पुरतं कॅव्हिटी वॅक्स किंवा घट्ट ग्रीस भरपूर फासून ठेवा आणि दिवाळीत नीट करा. मात्र ग्रीस लावलेल्या जागी रंग धरत नाही, दिवाळीत आधी थिनरनं तीनदा धुवा.

---

मांडववाला_बडोदा | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.३०

नवरात्र संपलं. आज गाडी धुऊन उजवीकडचा लाइट उघडून पाहिला. गास्केट कोरडं नव्हतं, खालच्या बाजूला पाण्याचे थेंब होते. कड मात्र प्रायमर मारला त्या दिवशीसारखी, हिरवट-राखाडी, बोट फिरवलं तर गुळगुळीत. पोकळीत चुंबक पुन्हा फिरवलं, जवळपास रिकामं आलं. पोरांनी यंदा दोन्ही हातांनी पाइप उतरवले.

एक चूक सापडली ती सांगतो. डाव्या लाइटचं अर्थिंग (करंट परत नेणारी काळी वायर) मी हौद्याच्या पत्र्यालाच दिलं होतं. त्यासाठी बोल्टखालचा रंग चार आण्याच्या नाण्याएवढा खरवडला होता आणि बोल्ट कसून तसाच सोडला. तिथे वॉशरभोवती तांबूस कडं आलंय आणि लाइट मधूनच मंद होतो. एवढी सगळी काळजी भोकाची घेतली आणि हे खरवडलेलं वर्तुळ नजरेतून सुटलं. काका, तिथे व्हॅसलिन लावून भागेल का?

---

कलाभवन_७४ | ६ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६.५५

गंज चढलाय त्यावर व्हॅसलिन लावून उपयोग नाही, तो आतच राहील. बोल्ट काढा, चमकेपर्यंत घासा, टर्मिनल थेट स्वच्छ लोखंडावर ठेवून कसा आणि कसल्यावर वरून, कडेपर्यंत, व्हॅसलिन किंवा वॅक्स. आधी लावलंत तर करंट अडेल असं नाही, दाबाखाली ते बाजूला सरतं, पण वरून झाकणं अधिक महत्त्वाचं. खरं तर ते अर्थिंग तिथून काढाच. काळी वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला न्या आणि खरवडलेली जागा भोकासारखीच इपॉक्सीनं बंद करा. वायर चार-पाच मीटर जास्त लागेल.

---

मांडववाला_बडोदा | ६ ऑक्टोबर २०२५, दुपारी २.१०

अडीच स्क्वेअर मिलिमीटरची काळी वायर आणलीय, सहा मीटर. प्रायमरचा उरलेला डबा उघडला तर हार्डनर घट्ट झालाय, तो नवा घ्यावा लागेल. रविवारी करतो आणि फोटो टाकतो.